बेत मोडला तेव्हा: देवाच्या वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रार्थना संपल्यावर मागे थांबून विचारलेले, रात्री उशिरा फोनवर लिहून आलेले, तेरवीत नाहीतर लग्नात गाठून विचारलेले असे हे प्रश्न आहेत. अमरावती, वर्धा, यवतमाळकडून सारखे तेच येतात, म्हणून एकदा बैजवार लिहून ठेवते. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, ‘देवाच्या वेळेवर सोडा’ असं सगळेच म्हणतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

आपल्या हातातलं काम पुरं करायचं आणि ते कधी फळाला येईल त्या तारखेचा हट्ट सोडायचा. दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे.

उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. भीष्मक राजाची ती लेक. भाऊ रुक्मी यानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. दिवस धरला, वऱ्हाड येऊन उतरलं. तिनं मनात जे योजलं होतं ते सारं उधळलं. तेव्हा ती देवघरात डोळे मिटून बसली नाही. तिनं निरोप लिहिला, भरवशाच्या ब्राह्मणाहाती द्वारकेला पाठवला, देवीच्या दर्शनाला मी गावाबाहेर येईन तेव्हा या, इथपर्यंत सगळं कळवलं. त्यानंतर मात्र तिच्या हातात काही उरलं नाही. ब्राह्मण पोचला का, कृष्ण निघाला का, कळायला मार्ग नव्हता. लग्नाची घटका जवळ आली तरी उत्तर नाही. भागवतात तिची ती घालमेल आली आहे. माझ्यात काही उणं दिसलं म्हणून तो आला नसेल, इथपर्यंत तिचं मन गेलं. अंबादेवीच्या देवळातूनच कृष्णानं तिला नेलं, असं अमरावतीकर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: तुमचा निरोप गेला का? अर्ज भरला का, डॉक्टरला दाखवलं का, भावाशी बोलला का? गेला असेल तर आता वाट पाहणं हीच भक्ती. गेला नसेल तर देवाची वेळ अजून सुरूच झालेली नाही. आणि वाट पाहताना जीव घाबरा झाला म्हणून विश्वास कमी पडला असं समजू नका. रुक्मिणीचाही झाला होता.

२. मृग कोरडा गेला, आर्द्रा अर्धं सरलं. शेजाऱ्यानं धूळपेर केली, कोरड्या मातीतच बी टाकलं. देवावर भरोसा ठेवून मी पण पेरून टाकू काय?

भरोसा ठेवा, पण पेरू नका. मृगाला पेरायचं हा आपला बेत आहे. मृग ७-८ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला. नक्षत्र सूर्याच्या चालीवर बदलतं, पाऊस त्याला बांधलेला नाही. कृषी विभाग आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ दरसाल सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. हे सांगणं मला श्रद्धेच्या आड येणारं कधीच वाटलं नाही. एका सरीवर भाळून बी मातीत घालायचं आणि वर देवाला साकडं घालायचं, यात आपण देवाला आपल्या घाईत ओढतो.

थांबलेल्या दिवसांत काम आहे. घरचं सोयाबीन असेल तर उगवण तपासा. पोत्याचा तुकडा भिजवून पसरा, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडा. निवडून टपोरे घेऊ नका, जसे हाती येतील तसे घ्या. वरून दुसरा ओला तुकडा ठेवून हलकी गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. पाणी शिंपडत राहा, गुंडाळी सुकू द्यायची नाही. आठवड्याच्या आत उलगडून मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त दाण्यांना धड कोंब असेल तर एकरी तीस किलोनं भागतं. कमी असेल तर त्या हिशेबानं बी वाढवा, फारच कमी असेल तर ते बी पेरूच नका. खत आणून ठेवा, धुरे साफ करा, डवरे दुरुस्त करून घ्या.

जुलैचा मध्य उलटला तर सोयाबीनचा नाद सोडून दुसऱ्या पिकाचं बघा. थांबण्यालाही हद्द असते. त्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

३. पेरलं ते उलटलं, दुबार पेरलं तेही गेलं. देवाचा राग येऊन रायला. पाप लागते काय?

नाही लागत. जनाबाईनं विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या आहेत, नामदेव त्याच्याशी रुसले-भांडले आहेत. वारकऱ्यांनी ते झाकून ठेवलं नाही, टाळ-मृदंगात गातात. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्यावरच माणूस रागावतो. प्रार्थनेला बसा आणि जे वाटतं ते बोला. राग गिळून गोड बोलण्याची काही गरज नाही.

फक्त राग एकट्या देवावर काढून मोकळे होऊ नका. बी उगवलंच नाही, तर आधी बी तपासून घ्या. पिशवी, टॅग, पक्कं बिल आणि थोडं उरलेलं बी जपून ठेवा, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, आणि पाहणी होईपर्यंत वावर मोडू नका. बियाणं खराब निघालं असेल तर त्याला देवाची मर्जी म्हणणं हा देवावर अन्याय आहे.

४. पोरीचं साक्षगंध झालं, पत्रिका वाटल्या, अन् मुलाचे वडील वारले. लग्न पुढं गेलं. आता त्यांचे लोक पोरीलेच पांढऱ्या पायाची म्हणून रायले. काय करू?

आधी पोरीला जवळ घ्या आणि हे बोलणं सरळ सरळ खोटं आहे हे तुमच्या तोंडून, सगळ्यांदेखत सांगा. बाप चूप बसला की पोर ते खरं धरते, आणि जन्मभर धरते. माणूस आजारानं गेला, वयानं गेला. एका पोरीच्या कुंकवाचा त्याच्याशी संबंध जोडणारा देव मी तरी मानत नाही.

मग मुलाशी बोला. मध्यस्थामार्फत नको, त्याच्याशीच. तो आईसमोर, काकासमोर ठामपणे बोलला तर तारीख सहा महिन्यांनी आली तरी हरकत नाही. तो खाली मान घालून बसला तर तेही लग्नाआधी कळलं. ‘देवानं पोरीला वाचवायलाच हे घडवलं’ असं मात्र म्हणू नका. त्या घरातला माणूस गेला आहे. कुणाच्या मरणातून आपल्या सोयीचा अर्थ काढू नये. तारीख पुढे गेल्यामुळे जे दिसलं ते पाहून निर्णय घ्या, एवढंच.

तारखा हुकण्याची इतर कारणं, म्हणजे सुतक, चातुर्मास, धोंड्याचा महिना, ही चार दिवसांची अडचण आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आल्यानं ऐन लग्नसराईत बऱ्याच घरांचे बेत हलतात. त्यात अशुभ काही नाही. मंडपवाल्याला आणि आचाऱ्याला वेळेत कळवा म्हणजे झालं.

५. पोलीस भरतीची तयारी करून रायलो. दरवेळी थोडक्यात हुकते. वय निघून चाललं. देव कधी देईन?

देव हीच वर्दी देईल असं वचन मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ ही वयाची भिंत खरी आहे. तोवर मैदान पन्नास मार्कांचं आणि लेखी शंभराची आहे हे लक्षात ठेवा. आमच्याकडची पोरं पहाटे रोडवर सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, आणि लेखीचं पुस्तक जाहिरात निघाल्यावर उघडतात. थोडक्यात हुकण्याचं कारण पुष्कळदा तिथे असतं.

वय संपलं तर रडा, चार दिवस घरात बसा, कुणी काही म्हणणार नाही. पण पहाटे उठण्याची सवय मोडू नका. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गातून ३८ पर्यंत बसता येतं, होमगार्डची नोंदणी २० ते ५० वयापर्यंत होते, आणि गावातल्या धाकट्या पोरांना मैदान शिकवणारा माणूस लागतोच. वर्दीसाठी कमावलेलं अंग आणि शिस्त तुमचीच आहे, ती भरतीवाल्यांनी परत मागितलेली नाही.

६. मूल व्हावं म्हणून माहूरच्या रेणुकेला नवस बोललो होतो. इतकी वर्षं झाली, झालं नाही. नवस फेडायचा काय? देवी कोपली तर?

मागणं पुरं झालं नाही तर फेड लागत नाही. आई लेकरावर कोपून मूल रोखते, ही कल्पनाच मनातून काढा. दर्शनाला जावंसं वाटलं तर जा, नवसाचा हिशेब बाजूला ठेवून जा. बोकडाचा नवस असेल तर तो तर सोडाच. गाडगेबाबांनी उभ्या जन्मात कीर्तनातून नवसाच्या कोंबड्या-बकऱ्या कापण्याविरुद्ध सांगितलं, आणि ते आपल्याच शेंडगावचे.

आता प्रश्न १ मधलं विचारते. तपासणी दोघांची झाली का? बहुतेक घरांत बाईचीच होते. नवऱ्याची तपासणी सोपी आहे आणि ती आधी व्हायला हवी. दत्तक घ्यायचं मनात आलं तर ‘कारा’ या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करूनच घ्या. दवाखान्यातून परस्पर मूल मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या दारात पाय ठेवू नका.

७. फेरफार अडून पडला. साहेबाले विचारलं तर म्हणते, ‘वेळ आली की होईल, भाऊ.’ ही पण देवाचीच वेळ समजू काय?

नाही. माणसाच्या दिरंगाईला देवाचं नाव देऊ नका. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या, नोटिशीवर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित करायची असते. अर्ज दिल्याची पोच घ्या, तारखेची. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे; जाहीर केलेल्या सेवा ठरल्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि पुढे आयोग, अशी पायरी त्यात आहे.

‘प्रार्थना करणाऱ्यानं भांडू नये’ असं काहींना वाटतं. तुकडोजी महाराजांनी खेड्याखेड्यात प्रार्थनेला बसायला शिकवलं, आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी पेटली तेव्हा इंग्रजांनी त्यांनाच पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. प्रार्थनेतून उठलेला माणूस अन्याय पाहून खाली बसत नाही, हे आपल्याला मोझरीच्या या महाराजांनी दाखवलं आहे.

८. साडेसाती लागली म्हणून सारं अडून रायलं, असं ज्योतिषी सांगते. खरं आहे काय?

शनीला बारा राशी फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, एका राशीत सुमारे अडीच. मागची, स्वतःची आणि पुढची रास धरून साडेसात. म्हणजे कधीही पाहा, बारातल्या तीन राशींना साडेसाती असतेच; तुमच्या गावातलं दर चौथं माणूस. त्या चौथ्या माणसांत कुणाचं पोर नोकरीला लागलं, कुणाच्या घरी बाळ आलं, मोजून पाहा. शनिवारी मारुतीला तेल घालायचं तर घाला. शांतीसाठी कर्ज काढू नका.

९. बुढ्याले ऑपरेशन सांगितलं. तो म्हणते श्रावण निघू दे, देव बरं करन. थांबायचं?

थांबायचं नाही. डॉक्टर जर म्हणाले की महिनाभरानं चालेल, तर बुढ्याच्या मनासारखं करा. ते नाही म्हणाले तर आजच सेवाग्रामचा नाहीतर नागपूरचा दवाखाना गाठा, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. उपवासाचं काय ते बुढ्यानं घरी आल्यावर देवाशी बोलावं. साप, विंचू, कुत्रा चावला तर एक मिनिटही नाही. तिथे दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र घालणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

१०. तेरवीले गेलो तर काय बोलावं समजत नाही. ‘देवाची इच्छा’ म्हणावं काय?

त्या घरानं म्हटलं तर मान हलवा. तुम्ही होऊन म्हणू नका. चाळिशीतला कर्ता माणूस गेलेल्या बाईला तिच्या दारात हे वाक्य ऐकवणं फार कठोर आहे.

गाडगेबाबांचं उदाहरण लोक देतात. बाबा कीर्तनाला बाहेरगावी असताना त्यांचा मुलगा गोविंदा गेला, आणि निरोप आल्यावरही त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे खरं आहे. पण तो धीर बाबांनी स्वतःच्या दुःखात धरला. दुसऱ्याचं दुःख पाहिलं तेव्हा ‘धीर धर’ म्हणून ते पुढे गेले नाहीत. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, भुकेल्याला अन्न दिलं. मग तुम्हीही तेच करा. शेंगदाणे, ज्वारी, चहा-साखर घेऊन जा. पोरांच्या शाळेचं विचारा. तेरवीच्या दिवशी येणारे पुष्कळ असतात. महिन्यानं, गर्दी ओसरल्यावर एक चक्कर मारा.

११. माझ्या घरच्यांनी जीव दिला. सारे म्हणतात त्यांची वेळ आली होती. देवानं अशी वेळ काहून ठरवली?

माय, ही वेळ देवानं ठरवलेली नव्हती. नापिकी, कर्ज, आजारपण, मनावर साचलेलं आणि कुणाला न सांगितलेलं, अशा पुष्कळ गोष्टी एकावर एक येतात आणि माणसाला पुढचं दिसेनासं होतं. ते एक दुखणं आहे. तुमच्या एखाद्या बोलण्यानं ते झालं, हा विचार रात्री येत असेल तर तोही खरा नाही. तुमचा माणूस पापी नव्हता आणि तुम्ही अपराधी नाही. देव कुठे होता हे मला सांगता येणार नाही. माझी श्रद्धा एवढीच की तो त्याच्याजवळ होता, आणि आता तुमच्याजवळ आहे.

शेतकऱ्यानं जीव दिला तर सरकारी मदतीचं प्रकरण तहसीलमार्फत जिल्हा समितीपुढे जातं, पात्र ठरल्यास एक लाख मिळतात. कागद गोळा करायला एकट्या फिरू नका, बचत गटातली एखादी सोबत घ्या.

आणि वाचणाऱ्यापैकी कुणाच्या मनात स्वतःबद्दल असं येत असेल तर आजची रात्र एकटं राहू नका. घरात कुणाला तरी उठवा, जसं येतं तसं सांगा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. घरच्यांना सांगते, फवारणीची औषधं त्या घरात ठेवू नका. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा. प्रार्थनेला नंतर बसू, आधी हे.

१२. देव ‘अजून नाही’ म्हणून रायला का ‘नाही’च म्हणून रायला, हे ओळखावं कसं?

त्या त्या वेळी ओळखता येत नाही. येतं म्हणणाऱ्यापासून दूर राहा. माधानचे गुलाबराव महाराज १८८१ चे. नऊ महिन्यांचे असताना डोळे गेले, ते कधी परत आले नाहीत. दुसऱ्यांकडून वाचून घेत, सांगून लिहून घेत त्यांनी शंभरावर ग्रंथ केले आणि १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. डोळे गेल्यामुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. एक गोष्ट मिळाली नाही आणि आयुष्य तिच्यापाशी थांबलं नाही, एवढं मात्र त्यात दिसतं.

व्यवहारात मी असं सांगते: आपल्या बाजूची मुदत आपण ठरवावी. या तारखेपर्यंत हा मार्ग, नंतर दुसरा. पेरणीला जुलैचा मध्य असतो, तसा नोकरीला, स्थळं पाहण्याला, कोर्टकचेरीलाही असावा. मुदत घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे ती आपोआप पुढे सरकत नाही. दार बदलल्यानं श्रद्धा मोडत नाही.

१३. आम्ही बौद्ध आहोत, देव मानत नाही. मैत्रिणीनं हे वाचायला दिलं. आमच्यासाठी यात काही आहे काय?

देवाचा भाग तुमच्यावर लादणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांनी जी वाट धरली तिचा पाया स्वतंत्र आहे, आणि तिथे माणसानं स्वतःच्या प्रयत्नावर उभं राहायचं आहे. प्रश्न २, ५, ७, ९ आणि ११ मधलं काम देव मानणाऱ्यानं आणि न मानणाऱ्यानं सारखंच करायचं आहे. मैत्रीण संकटात असली तर तिला वाद घालून देव सोडायला लावू नका; तीही तुमच्या वंदनेला मान देईल.

१४. माझा नवरा दिवसभर देवळात बसते. वावर पडीक. म्हणते विठ्ठल देईन त्याच्या वेळेवर. मी बोललं की मलेच नास्तिक म्हणते.

बाई, तुमची श्रद्धा त्यांच्यापेक्षा कमी नाही. विठ्ठल विटेवर का उभा आहे, हे त्यांना विचारा. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. देव दारात आला तरी त्यानं हातातलं काम सोडलं नाही, वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, अजून उभा आहे. काम टाकून बसणाऱ्याला त्या विठ्ठलाचं नाव घेता येत नाही.

पण भांडण्याआधी नीट पाहा. झोप उडाली आहे का, जेवण तुटलं आहे का, पूर्वी कष्टाळू होते आणि अलीकडेच असे झाले का? तसं असेल तर तो आळस नसून मनाचं दुखणं असू शकतं. प्रश्न ११ मधला नंबर लावा नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात न्या. तसं नसेल तर त्यांच्या होकाराची वाट पाहू नका. वावर बटईनं, म्हणजे मालाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, द्यायचं तर पाडव्याच्या सुमारास ठरवा, मृगाच्या तोंडावर चांगला बटईदार मिळत नाही. बोलणी भावासमोर करा, बी-खताचा खर्च कुणाचा आणि माल कसा वाटायचा हे कागदावर लिहून घ्या, आणि पैसे तुमच्या नावाच्या खात्यात येतील असं आधीच सांगा.